मुलीला विचारलं का?

माझ्या भाचीसमोर कुणाही लहान मुलाबद्दल निर्णय घेण्याची सोय नाही. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला आली आणि माझी भाची तिथं असली, तर ती सटवाईचा हात धरून विचारेल, "बाळाला विचारलंत का?" ही मुलगी अमेरिकेत कायदा शिकत होती. तिथं ज्या मुलांना घरात धड वागवत नाहीत, त्यांना कोर्ट दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवतं. अशा एकेका मुलाला भेटायचं, त्याचं राहतं घर बघायचं, आणि त्याचं म्हणणं न्यायाधीशांच्या कानावर घालायचं, या कामावर कॉलेजनं तिला तीन महिने उमेदवारीला पाठवलं होतं. काम संपवून डिसेंबरच्या सुट्टीत ती बर दुबईला आमच्याकडे आली, पण तिच्या अंगातली उमेदवारी काही उतरली नव्हती.

ती मुलांशी बोलायची ते जमिनीवर बसून, कारण डोळे एका पातळीवर हवेत. मीना बाजारात साड्यांच्या दुकानात दुकानदाराच्या लेकीशी ती अशी फतकल मारून बोलत बसली, तेव्हा बायकोनं तिला ओळख दाखवली नाही. मुलांना वचन द्यायचं नाही, हा दुसरा नियम. माझ्या मुलानं अब्रात, म्हणजे खाडीतल्या होडीत, बसून पलीकडे नेशील का विचारलं, तर म्हणाली, "प्रयत्न करीन." नेलं मात्र लगेच. आणि कुणाच्याही घरी गेली की पाणी पिण्याआधी फ्रिज उघडून बघायची. घरात मुलांना खायला काय आहे हे आधी बघायचं असतं म्हणे. आमच्या इमारतीतल्या निदान सहा बायकांनी तिच्या धसक्यानं फ्रिज साफ केले.

ते मंदीचं वर्ष होतं. क्रेन जागच्या जागी उभ्या होत्या आणि आठवड्याला एखादं तरी कुटुंब गाशा गुंडाळत होतं. आमच्यासमोरच्या साठ्यांची कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतली नोकरी गेली. महिन्याभरात देश सोडायचा होता. त्यांची सई दहावीत. मोठ्या माणसांनी आमच्या हॉलमध्ये चहा घेत ठरवलं की सईनं व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे राहावं आणि मार्चमधली परीक्षा झाल्यावर पुण्याला जावं. बाबांची बदली झालीय, एवढंच तिला सांगायचं, म्हणजे अभ्यासावरचं लक्ष उडणार नाही. बायकोनं नवी गादी आणली, मी टेबल आणलं, आणि आपल्या मनाच्या मोठेपणानं आम्ही दोघंही चार दिवस हवेत होतो.

"सईला विचारलं का?" भाचीनं विचारलं.

विचारायचं काय त्यात, असं आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. साठेवहिनींनी तरी विचारलं, तर सई म्हणाली, "आय ॲम फाईन, आई." बघ, फाईन आहे ती, मी म्हणालो.

"मामा, फाईन म्हणजे अजून कुणी नीट विचारलेलं नाही."

मग तीन संध्याकाळी दोघी गच्चीवर जमिनीवर बसून चिवडा खात होत्या. शुक्रवारी सगळे आमच्याकडे जमले असताना भाचीनं दोन पानी अहवाल काढला. पहिलं पान आमच्या घराबद्दल. घर प्रेमळ आहे, परंतु फ्रिजमध्ये तीन दिवसांची आमटी आढळली, आणि घरातले प्रमुख पुरुष क्रिकेट इतक्या मोठ्यानं लावतात की अभ्यास अशक्य. भर सभेत आमची अब्रू गेली. साठेसुद्धा बऱ्याच दिवसांनी हसले.

दुसऱ्या पानाआधी भाचीनं सईकडे बघितलं. सईनं मान हलवली, तेव्हाच तिनं वाचलं. मुलीचं म्हणणं तिच्याच शब्दांत होतं: "बाबा रोज टाय लावून निघतात आणि अब्राच्या धक्क्यावर जाऊन बसतात. आय सॉ हिम फ्रॉम द स्कूल बस. आय नो देअर इज नो बदली. मी घरी आल्यावर विचारते, ऑफिस कसं होतं, आणि ते सांगतात. मी इथे राहिले तर त्यांना हे कोण विचारणार?"

साठे उठून खिडकीशी गेले. सई त्यांच्यामागे गेली आणि शेजारी उभी राहिली.

सई आईबाबांबरोबर पुण्याला गेली. परीक्षेपुरती तीन आठवडे आमच्या गादीवर झोपायला आली आणि चांगली पास झाली. तेवढे दिवस मी क्रिकेट आवाज बंद करून बघितलं.

भाची त्याआधीच, जानेवारीत परत गेली. विमानतळावर पुन्हा कधी येशील विचारलं, तर म्हणाली, "प्रयत्न करीन." मग सहज विचारावं तसं म्हणाली, "मामा, तुझं ऑफिस कसं चाललंय?"

"फाईन," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. आमचा विभाग मार्चअखेर बंद होणार असल्याचं पत्र आठ दिवस माझ्या खिशात होतं, आणि ते मी घरी कुणाला दाखवलं नव्हतं. तिनं विचारलं, "मामीला सांगितलंस?" मी मान हलवली, नाही म्हणून. "आज सांग," ती म्हणाली, आणि मी सांगितलं.

पुढं मला दुसरी नोकरी मिळाली, तिचं तिकडे लग्न झालं, आणि प्रयत्न करूनही ती पुन्हा इकडे आली नाही. कधीतरी तिचा फोन येतो. कसा आहेस मामा, असं ती विचारते, आणि फाईन म्हणायची माझी अजून छाती होत नाही.