डाव्या बाजूचा दुसरा नट

रविवार. सकाळचे साडेसात. पुंडलिकनगर, आमच्या अपार्टमेंटचं पार्किंग. नवी मोटारसायकल डबल स्टँडवर. तिच्याभोवती तीन पत्रकार. तिघांत मिळून एक पाना.

बातमी इथंच संपायला हवी होती. पण आमच्या औरंगपुऱ्यातल्या कचेरीत कुठलीच गोष्ट संपत नाही. कुणी शिंकलं तरी संध्याकाळपर्यंत त्याचा किस्सा होतो, आठवड्याभरात त्याच्या आवृत्त्या निघतात आणि पुढं ज्याला शिंक आली होती त्यालाच कुणीतरी तो रंगवून ऐकवतं. रद्दी निदान उचलून नेतात. किस्से कोण नेणार? माझ्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगचे तर इतके साठलेत, की खरं काय झालं ते मलाच नीट सांगता येईना. तरी मीच सांगतो. इतरांच्या तोंडी ते माझ्या विरोधात जातात!

*

सर्व्हिसिंग घरी करायचं कारण म्हणजे एक दार.

मी रीतसर सर्व्हिस सेंटरला गेलो होतो. मॅनेजरनं किल्ली घेतली, हसला आणि एका काचेच्या खोलीकडं हात केला. "सर, लाउंजमध्ये बसा. एसी आहे, कॉफी आहे."

"मला गाडीजवळ उभं राहायचंय."

"आत कस्टमरला अलाउड नाही, सर."

"का?"

"सेफ्टी, सर."

अहो, कर्फ्यूच्या गल्ल्यांत फिरलोय मी! बंद दाराआडच्या बैठकीत चहावाल्याच्या मागोमाग शिरून बातम्या आणल्यात. आणि माझ्याच गाडीचं पोट उघडताना मी काचेमागं कॉफी पीत बसू?

"किल्ली द्या इकडं. घरी करतो!"

"वॉरंटी जाईल, सर."

"जाऊ द्या!"

हे "जाऊ द्या" मी घरी आल्यावर मोठ्या अभिमानानं सांगितलं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, पोळ्या लाटत होती. ती मूळची पाचोडची. तिची आई तिथं एकटी असते, गुडघ्यानं बेजार. अधूनमधून तिला भेटून यायचं, यासाठीच तर ही गाडी घेतली होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "वॉरंटी गेली तर गाडी तुमची. मी एसटीनं जाईन."

"अगं, पण…"

"आणि स्टँडवर उतरले की साऱ्या गावाला सांगंन. नवी गाडी दारात हाय, पण ती नवऱ्यानं दुरुस्त केलीय, म्हणून बसायचं भ्या वाटतं!"

प्रश्न गाडीचा राहिला नाही. पुढच्या रविवारी पाचोडला जाताना मागच्या सीटवर कुणी बसणार की नाही, एवढाच उरला.

*

मदतीला दोघं आले. मी बोलावलं नव्हतं. किस्सा होणार हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं.

पाठक आमचे उपसंपादक. हयात दुसऱ्यांची वाक्यं कापण्यात गेली. दुसरे सलीमभाई, फोटोग्राफर. हे दोघं आणि मी, म्हणजे मोहिते, एकाच कचेरीत म्हातारे झालो.

पहिली पायरी जुनं ऑईल काढण्याची. खालचा बोल्ट सोडला, ऑईल परातीत घेतलं. परात सुनंदाची. ती गॅलरीतून ओरडली, "अहो, ती जुनी हाय, टाकलेली नाय!" तोपर्यंत परात काळी झाली होती.

मग नवं ऑईल किती घालायचं? कंपनीच्या पुस्तकात दोन आकडे. एक, ऑईल बदलताना. दुसरा, त्याहून जास्त, इंजिन उघडल्यावर.

"आपण इंजिन उघडलं का?" मी विचारलं.

"बोल्ट काढला. आत हवा गेली. म्हणजे उघडलंच," पाठक म्हणाले.

"मियाँ, नळ खोले तो टाकी खोले बोलते क्या?" सलीमभाईंनी विचारलं.

प्रश्न बिनतोड होता, पण त्यानं आकडा ठरेना. शेवटी मी अधिकृत बाजू घ्यायचं ठरवलं आणि थेट सर्व्हिस सेंटरला फोन लावला. मॅनेजरनं आवाज ओळखला.

"सर, आपण पत्रकार ना? फोनवर आम्ही काही बोलत नाही. हेड ऑफिसला विचारावं लागेल."

"अहो, मी ऑईल विचारतोय!"

"त्यावर मी आत्ता काही सांगू शकत नाही, सर."

पाणीपुरवठ्याचे अधिकारीसुद्धा पाण्याबद्दल इतके गप्प राहत नाहीत! मग पाठकांनी दोन्ही आकड्यांच्या मधला आकडा काढला आणि तेवढं ओतलं. आमच्या धंद्यात याला समतोल म्हणतात. नंतर ऑईल मोजायची काडी बुडवून पाहिली, तर तिघांना तीन ठिकाणी खूण दिसली.

*

सलीमभाईंकडं एकच काम होतं. काहीही सोडायच्या आधी त्याचा फोटो काढायचा, म्हणजे परत जोडताना घोटाळा नको.

त्यांनी मन लावून काढले. आडवे झाले, पालथे झाले, एकदा तर गाडीखाली शिरून बराच वेळ बाहेरच आले नाहीत. शेजारचे जोशीकाका घाबरून विचारायला आले, "अपघात झाला का?"

जोडायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "दाखवा."

पहिला फोटो: सायलेन्सरवर पडलेलं ऊन. दुसरा: ऑईलचा थेंब, त्यात उलटं दिसणारं अपार्टमेंट. तिसरा: पाठकांच्या कपाळावरचा घाम.

"सलीमभाई, यात बोल्ट कुठाय?"

"बोल्ट नक्को देखो मोहितेसाब, लाइट देखो!"

*

चेन सैल झाली होती. ती ताणायची तर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब स्क्रू असतो, त्यावरचा नट फिरवायचा. डावी बाजू पाठकांनी घेतली. मी उजवीकडं बसून पुस्तक वाचत होतो. पुस्तकात चेन किती ताणायची ते चित्र काढून दाखवलं होतं. चित्रातली गाडी मात्र दुसरीच होती.

थोड्या वेळानं पाठक म्हणाले, "मोहिते, इथं एकावर एक दोन नट आहेत."

"मग?"

"अगदी सारखे. शेजारी शेजारी. एकच काम करतायत."

मी पुस्तकात तोंड घालून "हं" म्हणालो. तो "हं" मला महागात पडला.

"द्विरुक्ती आहे," पाठक म्हणाले आणि त्यांनी एक काढून टाकला!

उजवीकडचाही ते काढणार होते. तेवढ्यात सुनंदानं चहा खाली पाठवला, म्हणून तो वाचला.

हे मला कळलं चहा संपल्यावर, त्यांनी तो नट माझ्या बशीत ठेवला तेव्हा. मी ओरडलो, "अहो, परत बसवा!" तर तो बसेना. जरा फिरायचा, अडकायचा. पाठक शांतपणे म्हणाले, "एकदा कापलेलं परत घालू नये. सांधा दिसतो."

*

गाडी सुरू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यावर वळलो आणि आवाज आला.

कसला आवाज? इथून तीन पंथ. मला तो खडखडाट वाटला. सलीमभाईंनी मागे बसून ऐकला आणि निकाल दिला, "नयी गाडी है, बात करती. हौ." पाठकांच्या मते आवाज गाडीचा नव्हताच, रस्त्याचा होता. आमच्या शहरातले रस्ते पाहता हा मुद्दा खोडणं अवघड होतं.

सुनंदानं गॅलरीतून ऐकला. संध्याकाळी तिनं पाचोडला भावाला फोन लावला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अरे, रविवारी एसटी किती वाजता हाय?"

*

मधे एक दिवस मी बातमीसाठी पैठणला गेलो, कचेरीच्या जीपनं. गाडी औरंगपुऱ्यात कचेरीखाली उभी होती. किल्ली नेहमीसारखी पाठकांच्या टेबलामागच्या खिळ्याला. दुसरी घरी, देवघरात. हे आत्ता सांगतोय, कारण तेव्हा याला काही महत्त्व आहे असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी परतलो, गाडी काढली, क्रांती चौकापर्यंत आलो आणि जाणवलं, आवाज नाही! गाडी धुतलेलीही दिसली. वाटलं, वॉचमननं पाणी मारलं असेल.

घरी मी सुनंदाला खाली बोलावलं. "ऐक."

"काय ऐकू?"

"तेच! काहीच ऐकू येत नाही! भाग एकमेकांत बसावे लागतात. घाई करून चालत नाही."

तिनं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "व्हय का?" म्हणाली. एवढंच.

रविवारी ती मागं बसली. पाचोडपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. मेहुणा अंगणात आला, चाकाजवळ वाकला आणि म्हणाला, "दाजी, गाडी लई गप हाय हो! कुणाकडं दिली व्हती?"

"स्वतः केली!" मी म्हणालो आणि सासूबाईंचा चहा येईस्तोवर त्याला पहिल्या सर्व्हिसिंगचं शास्त्र समजावून सांगितलं. इंजिन उघडणं म्हणजे काय, समतोल म्हणजे काय, सगळं. सुनंदा आईच्या गुडघ्याला तेल लावत बसली होती. एकदाही मधे बोलली नाही. लग्नानंतर असं प्रथमच घडलं. मला तिथंच संशय यायला हवा होता.

*

दुसऱ्या दिवशी कचेरीत फोन आला. एका मुलीचा गोड आवाज. "सर, आपल्या गाडीची पहिली सर्व्हिस आमच्याकडं करून घेतल्याबद्दल धन्यवाद. दहापैकी किती गुण द्याल?"

"ताई, चूक होतेय. सर्व्हिस मी घरी केली."

"हो सर. मग दहापैकी किती?"

"मी स्वतःला कसे देऊ?"

"आठ लिहू, सर?"

मी फोन ठेवणार, तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "ऑईल जास्त झालं होतं, ते कमी केलंय, सर. आणि चेनचा डाव्या बाजूचा लॉकनट, म्हणजे पहिल्याला घट्ट धरणारा दुसरा नट, नव्हता; तो नवीन बसवलाय. वॉरंटी चालू आहे."

मी फोन पुन्हा कानाला लावला.

"शेवटचा प्रश्न, सर. आपल्या विनंतीवरून आपल्याला आत, गाडीजवळ उभं राहू दिलं होतं. तो अनुभव कसा वाटला?"

"कुणाला?" मी ओरडलो. "कुणाला उभं राहू दिलं?"

"आपल्याला, सर," ती म्हणाली. "दहा लिहिते."

मी जिना उतरून खाली गेलो. गुडघ्यावर बसलो. डाव्या बाजूला एकावर एक दोन नट होते. दुसरा कोरा, चकचकीत.

पाठकांना विचारलं. ते प्रूफातून मान वर न काढता म्हणाले, "मी कापतो. जोडत नाही." सलीमभाई म्हणाले, "मेरे कू अंदर छोडते तो फोटो नहीं निकालता क्या मैं?" घरी सुनंदा म्हणाली, "मला गाडी चालवता येती का?" मी पैठणला गेलो त्या दिवशी ती ब्लाउजपीस आणायला औरंगपुऱ्यात आली होती, हे मला शेजारच्या जोशीकाकूंकडून कळलं. मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, फोनवर आम्ही काही बोलत नाही, सर.

पाठकांनी बशीत ठेवलेला नट माझ्या टेबलावर आहे. हे लिहितोय तो कागद पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर तोच ठेवलाय. गाडीला सगळे नट आहेत. आणि ज्या दारावर मला थांबवलं, त्या दारातून त्या दिवशी कुणीतरी आत गेलं आणि माझी गाडी उघडताना पाहत उभं राहिलं.