साडूभाऊंचं नाक

माझ्या मोठ्या साडूंइतकी स्वतःच्या नाकाची सेवा केलेला माणूस अख्ख्या माळव्यात दुसरा झाला नसेल. लोक मुलांना वाढवतात, बागा वाढवतात. साडूभाऊंनी आयुष्यभर एक नाक सांभाळलं, आणि तेही अतिशय कृतघ्न. दर महिन्या-दीड महिन्याला ते बंद पडायचं, कपाळ ठणकायचं, गाल सुजायचे, आणि ‘सायनस’ हा शब्द घरात एखाद्या खाष्ट नातेवाइकासारखा मुक्कामाला यायचा.

माझी बँकेतून उज्जैनला बदली झाली तेव्हा माधव नगरात त्यांच्या शेजारच्याच गल्लीत मला घर मिळालं. घरोघरी तेव्हा केबल येत होती, चौकाचौकात नव्या कोल्ड्रिंकच्या पाट्या लागत होत्या. साडूभाऊ त्या पाट्यांकडे शत्रुराष्ट्राच्या झेंड्याकडे बघावं तसं बघत. “देशाचे दरवाजे उघडले म्हणतात, पाहुणे. उघडा ना! पण हवा सरळ आमच्या कपाळावर कशाला सोडता?” दसऱ्याला गळ्यात आलेला मफलर रंगपंचमीला उतरायचा, तोही रंग लागून खराब होईल म्हणून. मे महिन्यात आम्ही कूलरसमोर लोळत असू आणि ते दाराआड खुर्ची टाकून घाम पुसत आमच्या भवितव्याची काळजी करत. रेल्वेच्या बुकिंग खिडकीत बसायचे. धुरानं नाक बिघडतं म्हणून रांगेतल्या माणसाला आधी हुकूम सुटायचा, “पहले बीड़ी बुझाओ, फिर टिकट.” गाडी फलाटावर लागलेली असली तरी या क्रमात बदल नसे.

सकाळी वाफारा. पातेल्यावर वाकून, डोक्यावरून शाल घेऊन ते बसत, आणि आलागेला त्या शालीशी बोले. सत्यनारायणाचा मुहूर्त सांगायला आलेल्या गुरुजींनी बराच वेळ शालीला तिथी समजावून सांगितली. शालीनं आतून “प्रसादात केळं कमी घाला, कफ होतो” एवढंच उत्तर दिलं.

वाफाऱ्यानंतर नेती. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालायचं, तोटीचा लोटा एका नाकपुडीला लावायचा आणि पाणी दुसरीतून काढायचं. कार्तिकी पौर्णिमेला ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीनं, त्यांना बळेच क्षिप्रेवर नेलं. गार पाण्यात पाय बुडवायलाही ते तयार होईनात. उलट घरून थर्मासमध्ये आणलेलं पाणी काढून घाटाच्या पायरीवर नेतीला बसले. कुठल्याशा खेड्यातून आलेली एक म्हातारी ते पाहून थबकली. या नाकातून गेलेली धार त्या नाकातून बाहेर येतेय म्हटल्यावर तिनं हात जोडले आणि त्यांच्यापुढे नारळ ठेवला. साडूभाऊंनी नाक पुसलं आणि गंभीरपणे आशीर्वाद दिला, “माई, रात को दही मत खाना.” ताई पुढे कितीतरी दिवस त्यांना ‘महाराज’ म्हणत होत्या.

इंदूरच्या नाकाच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं, की नुसत्या वाफेनं भागणार नाही. आत मांसाचे कोंब वाढलेत, ते काढावे लागतील. “नाकाला मी हत्यार लावू देणार नाही,” असं म्हणून साडूभाऊ उठून आले होते.

एका रविवारी मी सहज त्यांच्याकडे गेलो. ताई शेजारी गेल्या होत्या. दारातच गॅसचा भपकारा आला. आत पाहतो तर साडूभाऊ वाफाऱ्याचं पातेलं शेगडीवर ठेवून हातात काडेपेटी घेऊन शांतपणे उभे! मी झडप घालून ती हिसकावली, खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला. ते गोंधळून म्हणाले, “अहो, काय झालं काय?”

“तुम्हाला वास नाही आला?”

ते खाली बसले. ताई धावत आल्या, त्यांनीही तेच विचारलं. तेव्हा खालच्या मानेनं म्हणाले, “वास येऊन बरीच वर्षं झाली.”

“मग रोज म्हणता ते? हिंग मस्त लागलाय, तूप छान कढवलंय?”

“अंदाजानं. तू करतेस ते चांगलंच असणार.”

ताईंनी आत जाऊन इंदूरला जायची पिशवी भरली.

ऑपरेशन झालं. काही आठवडे नुसतीच धुलाई आणि खपल्या. मग एक दिवस बुकिंगच्या खिडकीशी एक बाई टोपली घेऊन आली, आणि साडूभाऊ उभेच राहिले. “माताजी, इसमें अमरूद हैं?” बाई घाबरली, तिला वाटलं, टोपलीचंही तिकीट मागतायत. त्या संध्याकाळी पेरू घेऊन घरी आले ते घरभर हुंगत फिरले. मुलीसाठी आणलेल्या भैरवगढ़च्या छापाच्या कोऱ्या चादरीत तोंड खुपसून बसले. फोडणी पडली की पेपर टाकून स्वयंपाकघरात हजर. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, “आमटीत हिंग जरा जास्त होतो तुझा.” ताईंनी हे मला इतक्या आनंदानं सांगितलं, की जणू नवऱ्याला बढती मिळाली.

दोनेक हिवाळे असे गेले. कोंब परत येऊ शकतात, असं डॉक्टर म्हणालेच होते, ते आले. दुखणं पहिल्यासारखं उरलं नाही, नेती आणि औषधाच्या फवाऱ्यानं आटोक्यात राहिलं, पण वास हळूहळू विरत गेला. या वेळी त्यांनी लपवलं नाही. ताईंना म्हणाले, “चल, आता तुझ्या नाकावर गुजारा.”

माझी उज्जैनहून बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो होतो. दोघं अंगणात बसली होती. ताईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, “मोगरा फुललाय वाटतं पलीकडे.”

“कसा आहे?”

ताईंनी थोडा विचार केला. “लग्नानंतर पहिल्यांदा आणला होतात ना, तसा.”

“तो तर कोमेजलेला होता,” साडूभाऊ म्हणाले. “गाडीतच सुकला होता.”

“हो,” ताई म्हणाल्या, “पण वास होता.”