पंधरा हजार दोनशे सत्त्याऐंशी

आमचं मामंजी कवठे महांकाळच्या बाजूला लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर हुतं. आकड्याचं लय याड. पोस्टाच्या पावतीचा नंबर असू दे, न्हाईतर बैलाच्या दाखल्याचा, त्याचं अवयव पाडल्याबिगर घास गिळायचं न्हाईत. नवी नवरी हुते तवा मला वाटायचं, कुठं येऊन पडले गं बया.

मालक पलटणीत भरती झालं आन त्यांचा नंबर कळला, १५२८७. मामंजींनी पाटीवर दोनापास्नं एकशेतेरापर्यंत भाग घालून बघितलं. त्याच्या म्होरं बघायची गरज न्हाई म्हणं. एकाचाबी भाग जाईना. मला हाक मारून म्हणालं, "विजयमाला, अर्जुनाचा नंबर मूळ संख्या हाय. ह्याला कुणी फोडू शकत न्हाई."

लढाईवर गेलेल्याची बायको मी. असल्या बोलण्याचाबी आधार वाटायचा.

चव्वेचाळीसच्या आखाडात तार आली. शिपाई अर्जुना शिंदे इटलीत कामी आला. नंबर मातूर १५८२७. मामंजींनी पाटी घेतली. सातानं भाग गेला, परत सातानं गेला, उरलं सतरा आन एकोणीस.

"ह्यो आपला न्हवं," ते म्हणालं. "अर्जुना शिंदे पलटणीत धा असत्याल."

शेजारचं लालासाहेब हळूच बोललं, "मास्तर, दोनाची आन आठाची अदलाबदल झाली आसंल."

मामंजी तडकलं. "अदलाबदल झाली की आकड्याची जातच बदलती. आपला मूळ हाय, ह्याचं चार तुकडं पडत्यात. कुठं ह्यो आन कुठं त्यो!"

मला त्यांनी कुकू पुसू दिलं न्हाई. सात महिनं मी कुकू लावलं, बांगड्या भरल्या, संक्रांतीला वाण लुटलं. बायका वाण घेताना खाली बघायच्या. मालकांचं एक पत्र येईना. तरी मी इश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचाच हुता.

मामंजींनी पलटणीच्या हापिसाला लिव्हलं, तुमचा नंबर चुकलाय, माझ्या मुलाचा १५२८७ हाय. ही तार दुसऱ्या कुणाच्या घरची, त्या बिचाऱ्यांना कळवा.

माघात जवाब आला. चूक दाखवल्याबद्दल आभार मानलं हुतं. आपण कळवल्याप्रमाणं नोंद दुरुस्त केली हाय, मयत शिपाई नंबर १५२८७. संगं मालकांच्या गळ्यातला बिल्ला हुता. त्याच्यावर त्योच नंबर.

मामंजी बिल्ला मुठीत धरून बसलं. म्हणालं, "पोरी, आजचा दिवस राहू दे कुकू."

मला राग आला. अजूनबी हाय. सात महिनं त्यांच्या शब्दावर लावलं, पण त्या एका दिवसाला मी त्यांचं ऐकलं न्हाई. त्यांच्या म्होरंच पुसलं.