मशीनखालची शाल

"आभाळ भरलं, बादल्या भरा!" वळवाचा ढग दिसला की आमच्या आळीत ही हाक उठायची. लाईट गेली की मोटार बंद, मोटार बंद की नळ कोरडा, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. वेळेवर आठवायचं मात्र एकीलाच. आम्ही सगळे, वयाने मोठे असलेलेसुद्धा, त्यांना ताई म्हणायचो. त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांचं खरं सांगायचं तर माझंही खरं सांगावं लागतं.

मिरजगावपासून जवळच आमची वस्ती. तिथं माझं दूध संकलन केंद्र होतं. ताई समोरच्या घरात भावाजवळ राहायच्या. पाय लहानपणीच गेलेले. तीनचाकी सायकलवरून शिलाईचे कपडे आणायच्या, शिवून पोचवायच्या. पुढं कोरोनानं फुप्फुसं अधू केली आणि प्राणवायूचं मशीन कायमचं उशाशी आलं. ते विजेवर चालायचं. शेजारी एक सिलिंडर असायचा, पण तो रात्र काढेल एवढा नव्हता. लाईट गेली की आपल्याकडं अंधार होतो. त्यांच्या श्वासाचाच प्रश्न असायचा.

म्हणून त्यांनी लाईट जाण्याची तालीम सुरू केली, दर अवसेला. त्या दिवशी आमच्याकडं औत जुंपत नाहीत, माणसं घरी सापडतात. दिवस मावळला की ताई भावाला मेन स्विच पाडायला लावायच्या. मग सिलिंडर कुणी उघडायचा, सायकल दारात कुणी आणायची, मशीन कुणी उचलायचं, सगळं ठरलेलं. आळीतल्या म्हाताऱ्या कुजबुजल्या, बाई अवसेला काहीतरी करते. एकीनं तर आपल्या दाराला लिंबू-मिरची टांगली. ताईंनी तिलाच टॉर्च धरायचं काम दिलं.

मीही टोमणा मारला. "ताई, अवसंला लाईट घालवून भुतं बोलावताय व्हय?"

"येऊ द्या की, बापू. तुमच्यापरीस बरी. सिलिंडर तरी धरतील."

कारण मी धरत नव्हतो. त्यांचं मागणं एवढंच होतं, की वादळात माझ्या केंद्रातल्या जनरेटरवर मशीन लावू द्यावं. मी म्हणालो होतो, दूध गार ठेवायचं यंत्रच त्याला जड जातं, दोन्हींचा भार घ्यायचा नाही. खरं तर मी कधी लावून बघितलंच नव्हतं.

मग एका मे महिन्यात दुपारी वादळ आलं. पत्रे उडाले, खांब आडवे झाले. लाईट यायला दोन-तीन दिवस लागतील, असं वायरमन सांगून गेला. संध्याकाळी मी जनरेटरजवळ उभा होतो, तर दारात ताईंची सायकल. भाऊ मागून ढकलतोय, मशीन एका शेजाऱ्याच्या खांद्यावर, लिंबू-मिरचीवाल्या म्हातारीच्या हातात टॉर्च. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पळत नव्हतं. सिलिंडरचा काटा पार तळाला टेकलेला.

"ताई, दोन्ही न्हाई चालायचं. दूध नासंल."

होय, मी हेच म्हणालो.

"चालतंय," ताई श्वास घेत घेत म्हणाल्या. "मागल्या अवसंला लावून बघितलंय. तुमी जेवायला गेल्तात तवा."

"किल्ली कुणी दिली?"

"मी दिली," मागून माझी बायको म्हणाली. "आता सरका."

मी सरकलो. मशीन सुरू झालं. दूधही नासलं नाही. लाईट येईपर्यंत ताई केंद्रातच राहिल्या आणि आळीतले मोबाईल कुणी कधी चार्ज करायचे, तेही बसल्या जागेवरून त्यांनीच लावून दिलं.

पुढं पारावरच्या ग्रामसभेत माझा सत्कार झाला. जनरेटर माझा, म्हणून नाव माझं. पाराला पायऱ्या, म्हणून ताई खाली सायकलवरच. खांद्यावर शाल पडली आणि माझ्या तोंडून निघालं, "मी आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं." पहिली टाळी खालून ताईंची आली. मनापासून वाजवत होत्या, धाप लागेपर्यंत. माझी बायको वाजवत नव्हती.

ती शाल काखेत घेऊन मी कितीदा तरी त्यांच्या दारात गेलो. "बरं झालं आलात, बापू," म्हणून त्या कामाला लावायच्या. बादली भरा. टॉर्चचे सेल बघा. अवसेला सिलिंडर मीच धरू लागलो. एकदा मात्र उशाशी बसून सुरुवात केली, "ताई, त्या शालीचं..."

"आणलीय व्हय? मशीनखाली घाला. लई थरथरतंय, झोप न्हाई लागत."

मी घडी घालून ती मशीनखाली सारली. आवाज मऊ झाला. "आता कसं!" म्हणत त्यांनी डोळे मिटले. त्यांना सगळं कळलं होतं, का खरंच नुसती झोप लागत नव्हती, हे तुम्हीच ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

ताई गेल्या त्या हिवाळ्यात, साध्या तापानं. वादळ नव्हतं. आळीतले सगळे दिवे लागलेले होते आणि दारात दोन्ही बादल्या भरलेल्या होत्या. दहाव्यानंतर भावानं शाल परत आणून दिली. तिच्यावर मशीनच्या चार चाकांचे ठसे आहेत. मी ती धुतलेली नाही.

"ताई, ही तुमची होती." एवढंच म्हणायचं होतं. शाल सारायला वाकलो तेव्हा माझं तोंड त्यांच्या कानाजवळच होतं.