वेशीतली म्हातारी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि विलासलाही नाही. गेमपासून सुरुवात करतो – तेवढंच जरा सोपं जाईल.

शेवगावात कॉलेजला असताना विलास आणि मी एक जुना परदेशी गेम खेळायचो. घर सोडून निघालेला एक वीर, गावामागून गावं, राक्षस, तलवारी. चित्रं सगळी ठोकळ्यांची. पहिल्या गावाच्या वेशीत एक म्हातारी उभी असायची. तिला बोलणंच दिलेलं नव्हतं. ती नुसती बघायची, आणि वीर तिच्यासमोरून निघून जायचा. विलास म्हणायचा, ही आमची आई आहे.

त्याची आई म्हणजे कौसामावशी. दरवर्षी दिवाळीनंतर ती ऊसतोडीला जायची आणि विलास आजीपाशी राहायचा. निघण्याआधी मावशी आम्हा दोघांची दृष्ट काढायची. मी शेजारचा, पण मलाही पुढ्यात बसवायची. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. मिरच्यांचा ठसका लागला तर सगळं ठीक. नाही लागला, तर पोराला कुणाची तरी जबर नजर लागलीय. मग ती चुलीतली राख तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर टाकायची आणि मागे वळून न बघता ट्रकमध्ये चढायची. वळून बघायचं नसतं ना. आम्ही दोघं मुद्दाम खोकायचो – ठसका लागो न लागो – म्हणजे ती निवांत मनानं जाईल.

पुढे विलासनं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि फावल्या वेळात तो गेम नव्यानं बांधायला घेतला. मराठीत. कितीतरी वर्षं तो त्यातच होता. भिंती वाकड्या, माणसं चालताना घसरायची, नदीचं पाणी गढूळ दिसायचं. पण वेशीतली म्हातारी बोलू लागली होती. मोबाईलवर आईचा आवाज घेऊन त्यानं गेममध्ये घातला होता. वीर निघाला की ती त्याची दृष्ट काढायची, मिरच्या तडतडायच्या, मग वीरानं तिकाटण्यावरून पुढं जायचं. मागे वळलात, तर वेस रिकामी. पहिल्यांदा वळलो तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खेळून चुका काढायला त्यानं मला एक कॉपी दिली होती, आणि त्या कॉपीत मावशीकडून माझं नाव वदवून घेतलं होतं.

तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो, गेम तपासायच्या कामावर. आणि योग बघा – त्याच गेमची अधिकृत नवी आवृत्ती आमच्याकडे तपासायला आली. सगळं लख्ख. पाणी चमकतंय, गवताचं पातं न् पातं वेगळं. म्हातारीच्या चेहऱ्यावर नव्या सुरकुत्या, अगदी खऱ्यासारख्या. पण मुकीच. नुसती बघणारी. खरं सांगू? विलासचा गेम जास्त जिवंत होता, आणि ते मला सहन झालं नाही. तो दुकानात बसून करतो, आणि मी – मी नुसत्या चुका मोजतो?

एकदा मीटिंगमध्ये विचारलं गेलं, की या गेमच्या परवानगीशिवाय केलेल्या आवृत्त्या कुणाला माहीत आहेत का. मी हात वर केला. विलासनं त्याचा गेम नुकताच नेटवर टाकला होता; त्याची लिंक मीच दिली. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

त्याला इंग्रजीत नोटीस आली. ती वाचून दाखवायला त्यानं कुणाला फोन केला असेल? मलाच. नोटिशीत एवढंच होतं, की गेम लोकांना वाटणं बंद करा. मी त्याला सांगितलं, सगळं पुसून टाक, जरासुद्धा मागमूस ठेवू नकोस, नाहीतर पोलीस दारात येतील. चौकशी झाली तर माझं नाव निघेल, या भीतीनं बोललो. त्यानं ऐकलं. आईचा आवाज काय, परत घेता येईल असं त्याला वाटलं. आई होती ना तेव्हा.

पुढच्याच हंगामात मावशी उसाच्या फडावर गेली. पडली ती उठलीच नाही.

दहाव्याला मी गेलो होतो. परत निघालो तेव्हा विलास तिकाटण्यापर्यंत सोडायला आला. तिथं गाडीची वाट बघत थांबलो. मग म्हणाला, "दिगू, तुज्याकडं ती कॉपी आसंल का रं? आईचा आवाज आता कुठंच न्हाई."

माझ्या बॅगेत लॅपटॉप होता. लॅपटॉपमध्ये कॉपी होती. आमच्या दोघांमध्ये हातभराचंही अंतर नव्हतं.

"न्हाई रं," मी म्हणालो. "कवाच उडवली."

नोकरी जाईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. कॉपी दिली असती तर त्यानं विचारलं असतं, मग मला सगळं का पुसायला लावलंस? तो प्रश्न मला नको होता. त्यानं मान हलवली आणि मला गाडीत बसवून दिलं. मी मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर अधिकृत गेममध्ये, भर दुपारी, हेडफोन लावून वेशीपाशी आलो की मला मिरच्या तडतडताना ऐकू येऊ लागल्या. मी रीतसर चूक नोंदवली. सगळ्यांनी तपासलं. तिथं आवाजाची फाईलच नव्हती. म्हातारी माझ्याकडं बघत होती – पण ती सगळ्यांकडंच बघते, नाही का?

परवा घरात कुणी नव्हतं. मी विलासची कॉपी उघडली. वेशीत मावशी उभी. गळ्यात थोडी खरखर, मागे कुठंतरी कोंबडी ओरडतेय. "माज्या दिगूला कुनाची नजर लागली आसंल – आल्याची, गेल्याची, पै-पावन्याची, भाऊबंदाची, मैतराची..." मैतराची म्हणताना ती जरा थांबते. पूर्वीही थांबायची का? मला आठवत नाही. मग मिरच्या तडतडल्या आणि ती ठसक्याची वाट बघत उभी राहिली. विलासनं तिथं एवढी मोठी शांतता का ठेवली होती, ते मला त्या दिवशी कळलं.

मी मुद्दाम खोकलो.

ती तशीच उभी राहिली. कॉपी अजून माझ्याकडे आहे. विलास त्याच दुकानात बसतो. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.