पिवळी पट्टी

“मशीनला कुठे पोरंबाळं आहेत? फोड खापर त्याच्या डोक्यावर आणि मोकळी हो ना!” नवरा आता ओरडायलाच लागला होता. “उद्या चौकशीत पट्टी लाल होती, एवढंच म्हणायचंय तुला.”

“पिवळी होती,” ती म्हणाली आणि कांदा चिरत राहिली.

“लाल काय नि पिवळी काय!” सासूबाई ओट्याशी मटार सोलत होत्या. “साहेब स्वतः घरी येऊन सांगून गेले. तुझ्या पाया पडायचे तेवढे बाकी राहिले होते.”

“त्यांना स्वतःचं वाचवायचंय, आई.”

“मग वाचवू देत की. त्यांच्या आडून तूही वाचतेस.”

ती संकटकाळच्या नंबरावर फोन घ्यायची. आग, अपघात, छातीत कळ, शहरात कुणावर काहीही बेतलं की जे फोन उचलतात, त्यांच्यातली एक. काम चोख. समोरचा किंचाळत असला तरी त्याच्याकडून पत्ता काढून घ्यायची.

अलीकडे या फोनांत नवीच कीड शिरली होती. मशीनने बनवलेले आवाज. ते हमसून हमसून रडायचे, एका टोकाला आग लागल्याचं सांगायचे, आणि बंब तिकडे धावले की दुसऱ्या टोकाला दुकानं फुटायची. त्यावर उपाय म्हणून नवी यंत्रणा आली. फोन आला की पडद्यावर पट्टी उजळायची. हिरवी म्हणजे खरा माणूस. लाल म्हणजे बनावट, तो फोन आपोआप तुटायचा. पिवळी म्हणजे मशीनलाच कळत नाही, ऐकणाऱ्याने ठरवावं. कसं ठरवायचं तेही साहेबांनीच शिकवलं. बनावट आवाज दम खात नाही, चढत-उतरत नाही, अडखळत नाही. परीक्षेत ती पहिली आली. ऑफिसात सगळे तिला ‘कानसेन’ म्हणू लागले.

घरीही तिने परवलीचा शब्द ठरवून दिला. फोनवर घरचं कुणी मदत मागू लागलं तर आधी तो विचारायचा. सासूबाई तो हमखास विसरायच्या आणि “मीच आहे गं, दुसरी कोण एवढी कटकट करील?” म्हणून वेळ मारून न्यायच्या.

मग एका दुपारी पिवळी पट्टी उजळली. आवाज घरघरता, एकसुरी, पिठाच्या गिरणीसारखा. “बायको पडली. श्वास घेत नाही. लवकर या.” दम नाही, चढउतार नाही, अडखळणं नाही. शिकवलेल्या तिन्ही खुणा तिला पटापट सापडल्या. तिने ‘बनावट’चं बटण दाबलं आणि पुढचा फोन घेतला.

एकदा बनावट ठरलेल्या नंबराचे पुढचे फोन मशीन स्वतःच तोडायचं. तो माणूस करत राहिला, ते तोडत राहिलं.

त्याचं स्वरयंत्र शस्त्रक्रियेत काढलेलं होतं. गळ्याला एक छोटं यंत्र टेकवून तो बोलायचा. शेवटी त्याने जिन्यात जाऊन शेजाऱ्यांची दारं बडवली. गाडी पोचली तेव्हा बायको गेलेली होती.

साहेबांच्या खोलीत तिने तो फोन पुन्हा ऐकला. कानावरच्या नव्या यंत्रातून फक्त बोलणं यायचं, बाकीचे आवाज गाळले जायचे. रेकॉर्डिंगमध्ये मात्र सगळं होतं. त्या घरघरीच्या मागे थपथप ऐकू येत होती. तो बायकोच्या गालावर चापट्या मारत होता.

तेव्हापासून बोलताना तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे जायचा.

“बाबा,” मुलगी दारातून म्हणाली, “पट्टी लाल होती म्हटलं तर पुढे काय होतं?”

“काय व्हायचंय? मशीनवाले येतील, कुठला तरी पेच आवळतील. संपलं.”

“आणि शिकवणार तेच,” ती कांदा चिरता चिरता म्हणाली. “जो दम खात रडत नाही तो खोटा. नवी तुकडी येतेय. तिला मी शिकवायचं, असं साहेब म्हणाले.”

“म्हणजे बढती!” सासूबाईंचा हात थांबला. “अगं, मग घरात हे सुतक कसलं?”

“त्याच खुणा शिकवायच्या, आई. अजून किती माणसं तसं यंत्र लावून बोलतात, कुणाला माहीत? त्यांनी फोन केला तर?”

“तू नोकरी घालवलीस म्हणून ती बाई परत येणार आहे का?” नवऱ्याने विचारलं.

रोज रस्त्याने जाता-येता ती स्वतःला हेच विचारत होती.

तो खुर्चीत बसला. पाठ गेल्यापासून त्याला बसायलाही हाताचा आधार लागायचा. ट्रक चालवणं सुटलं, त्यानंतर कुणी कामावर ठेवलं नव्हतं. “माझ्याकडे बघ,” तो हळू म्हणाला. “मी काय करू शकतो आता? सांग ना. मी हात जोडतो तुला.”

आणि त्याने खरंच हात जोडले. मुलीने मान फिरवली. सासूबाईंनी सोललेले मटार पुन्हा निवडायला घेतले. त्याने आणखी ओरडायला हवं होतं, असं तिला वाटलं. ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं.

तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले.

“उद्या चौकशीत मी सांगणार आहे,” ती म्हणाली. “पट्टी पिवळी होती. बटण मी दाबलं, शिकवलं होतं तसंच दाबलं. आणि शिकवलेलं चुकीचं आहे. कुणी ऐकेल की नाही, माहीत नाही. नोकरी बहुतेक जाईल. आतली खोली भाड्याने देऊ, आपण चौघं बाहेरच्या खोलीत झोपू. रविवारी तिथलं कपाट हलवायचंय.”