ज्याला गरज, त्यालाच खबर

आमच्या बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात एक दिवस सगळ्या फायलींना कुलपं लागली. नवा नियम आला होता, ज्याला कामासाठी गरज त्यालाच माहिती. त्यावर दोन तासांचं ट्रेनिंग, मग परीक्षा आणि वर सर्टिफिकेट. मी अ‍ॅडमिनमध्ये, त्यामुळे कुणाला कुठली फाईल उघडू द्यायची हे लचांड माझ्या गळ्यात पडलं. टॉयलेट पेपरच्या ऑर्डरची फाईलसुद्धा गोपनीय झाली. लगेच तीन इंजिनियरांनी ती बघायची परवानगी मागितली. एरवी फुकट वाटली असती तरी कुणी उघडली नसती.

माझा मॅनेजर पुण्याचा, मी कोल्हापूरची. म्हणजे आमचं पटायचं काही कारण नव्हतं. पण अख्ख्या मजल्यावर मराठी कळणारे आपण दोघंच, असं आम्ही धरून चाललो होतो. मीटिंग रूम काचेची, हिंदी-इंग्रजी सगळ्यांना येतं. म्हणून खरी गुपितं आम्ही पँट्रीत चहा पिताना बोलायचो, तीही खड्या आवाजात. मराठी हाच आपला पासवर्ड, असं तो म्हणायचा आणि स्वतःच खूश व्हायचा.

पँट्री अक्काची. चामराजपेटहून दोन बस बदलून यायची आणि आठाच्या ठोक्याला आधण ठेवायची. पन्नाशीची, मोजकं बोलणारी. आमच्याशी मोडकं हिंदी, बाकी सगळं कन्नड. तिला माणसाचं दुखणं कसं कळायचं, देव जाणे. मॅनेजर मूळव्याधीनं हैराण होता त्या आठवड्यात त्याच्यापुढे न मागता ताक येऊ लागलं. माझा घसा बसला की सुंठ-मिऱ्यांचा काढा हजर, ती त्याला कषाय म्हणायची. आम्ही म्हणायचो, बाईला माया फार. दोन सर्टिफिकेटवाली डोकी, पण त्यापुढे काही चालली नाहीत.

मग एक नवी फाईल आली. पँट्री बंद करून चहाचं मशीन बसवायचं, अक्काचं काम महिनाअखेरीला संपणार. फाईल उघडायची परवानगी पाच जणांना, आणि ती यादी मीच केली. शेवटच्या दिवसापर्यंत तिला कळता कामा नये, असा वरून हुकूम होता. का, तर कळलं की चहाची चव बिघडेल, असं कुणा शहाण्यानं खरोखर लिहिलं होतं.

मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. नवरा नाही, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. या वयात तीन आठवड्यांत दुसरं काम शोधायचं तर बाईला आजच कळायला हवं होतं. मी मॅनेजरला म्हटलं, सांगून टाकू या. तो म्हणाला, दोघांच्याही नोकऱ्या जातील. मी फाईल बंद केली. मग रोज त्याच ओट्यापाशी उभं राहून आम्ही हळहळायचो, बिचारीला काही पत्ताच नाही म्हणून. मराठीत, तिच्याच हातचा चहा पीत. त्या दिवसांत ती मला चहा सगळ्यात शेवटी द्यायची, पँट्री रिकामी झाल्यावर. मला वाटायचं, थकत असेल बिचारी.

शेवटच्या शुक्रवारी मॅनेजरनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. मी शेजारी, हातात कागद. त्यानं हिंदीत बरंच लांबण लावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

मग ती मराठीत बोलली. "कळलं होतं की मला. आमच्या घरात मराठीच बोलतात. आजोबांच्या आजोबांच्या आधीपासून इथंच आहोत आम्ही."

मॅनेजरला ताक आठवलं असावं, कारण तो कानापर्यंत लाल झाला. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. तिनं पुढं सांगितलं, घराजवळच्या मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाकाचं काम मिळालंय, सोमवारपासून. पहिल्या दिवशी आमचं बोलणं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ती शोधायला लागली होती.

मी म्हटलं, अक्का, तुम्ही बोलला का नाहीत? हिंदीत ती मला मॅडम म्हणायची. आता पहिल्यांदाच तू म्हणाली.

"तू सांगशील म्हणून तुझा चहा शेवटी ठेवायचे. स्वल्प सांगितलं असतंस तरी पुरं होतं."

परवानगी नव्हती, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. ती उठली, आपला पातेल्याचा चिमटा पिशवीत घालून निघून गेली.

सोमवारी मशीन आलं. गेल्या आठवड्यात माझा घसा बसला. पँट्रीत कुणी नाही असं बघून मी मशीनपुढे उभी राहिले आणि जमेल तितक्या खड्या मराठीत म्हटलं, घसा फार बसलाय. दोनदा म्हटलं.

मशीननं विचारलं, साखर किती.